दारापुढची सही

चेन्नईला जाऊन आलो म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न येतो, "मीनाक्षी बघितली का?" मीनाक्षी मदुराईला आहे म्हटलं की दुसरा येतो, "मग रामेश्वर तरी?" तेही तिथे नाही म्हटल्यावर समोरचा माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू तिकिटाचे पैसे त्याच्याच खिशातून गेलेत. आम्ही भिंती बघून आलो, हे मी अजून फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

गेलो होतो मुलीला भेटायला. केतकी तिथल्या एका मोटारींच्या कंपनीत आहे आणि वेस्ट मांबलममध्ये भाड्याने राहते. भिंतींचं खूळ माझं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीचा लोक कसा उपयोग करतात ते सांगायला नको. देवांच्या टाईल्स लावून झाल्या. लोकांनी दोन देवांच्या मधली जागा शोधून काढली. केतकी फोनवर म्हणाली, "बाबा, इकडे भिंतींवर केवढी मोठी चित्रं काढतात! येऊन तर बघा." मी कमिटीत विषय मांडला, कमिटीने नेहमीप्रमाणे मान डोलावली, आणि डिसेंबरच्या शेवटी मी आणि वसुधा, म्हणजे आमची सौभाग्यवती, गाडीत बसलो.

वेस्ट मांबलम

स्टेशनवरून घरी जाताना रिक्षातच केतकीने आम्हाला समज दिली.

"बाबा, महिनाअखेरीस माझं अॅग्रीमेंट संपतंय. खाली मालक राहतात, अक्का आणि अप्पा. अप्पांना आता फॅमिलीच पाहिजे वरच्या जागेत, एकटी मुलगी नको. अक्का माझ्या बाजूने आहेत अजून. तुम्ही फक्त नीट वागा."

"नीट म्हणजे कसं?"

"सल्ले देऊ नका."

"मी कुणाला सल्ले देतो?"

वसुधा खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघायला लागली.

केतकीची काळजी समजण्यासारखी होती. एकट्या मुलीला जागा मिळवताना तिने किती दारं ठोठावली होती ते आम्ही फोनवर ऐकलेलं होतं. इथून कंपनीची बस कोपऱ्यावर मिळते, खाली म्हातारी माणसं आहेत, आणि मुख्य म्हणजे ती मराठी आहेत. तंजावरची. त्यांचे पूर्वज केव्हा तिकडे गेले ते त्यांनाही ठाऊक नाही, पण भाषा घरात टिकली. अक्का बोलायला लागल्या तेव्हा मला वाटलं, एखादी जुनी बखर तमिळ चालीवर कोणी वाचून दाखवतंय.

"येवा, बसा. काप्पी घेत्यांत का? अमच्याकडे साखर कमी घालत्यांत, चालेल?"

कॉफी पितळी पेल्यात आली, खाली पितळी वाटी. मी पेला तोंडाला लावला आणि ओठ भाजून घेतले. अप्पांनी आपला पेला तोंडापासून वीतभर वर धरून कॉफी घशात सोडली. अप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ, मोजकं बोलणारे. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" मी पाच म्हणालो. त्यांनी मान हलवली. पाच जास्त होते की कमी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुठल्याशा देवळातल्या लाउडस्पीकरने मला उठवलं. मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, इथे मोठा पवित्र. मी गॅलरीत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. अख्ख्या गल्लीत, प्रत्येक दारापुढे, बायका वाकलेल्या. पाणी शिंपडलेलं, आणि त्या ओल्या रस्त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके पडत होते, ठिपक्यांभोवती रेषा फिरत होत्या. आपल्या रांगोळीत रेषा ठिपक्याला ठिपका जोडते. इथे ती ठिपक्याला वळसा घालते आणि फिरून फिरून स्वतःलाच येऊन मिळते. कुठून सुरू झाली ते शोधायचं म्हटलं तर डोळे फिरतात. याला कोलम म्हणतात. काही कोलमांच्या मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल.

खाली अक्का पाय ताठ ठेवून नुसत्या कमरेत वाकून काढत होत्या. वसुधा रांगोळीला बसते ती पाटावर, आणि उठताना मला हाक मारते. ती गॅलरीत येऊन म्हणाली, "यांचं वय काय असेल हो?"

अक्कांनी वर बघितलं. "सासूबाईंनी शिकविलें. चुकलें तर पुसूं देत नव्हत्या, तेंच सांभाळून घे म्हणत."

मी केतकीला उठवायला गेलो. इतकं सगळं दारात असताना ही मला भिंती बघायला बोलावते! उशीतून आवाज आला, "बाबा, प्लीज. बस सव्वासातला असते."

अकरा महिन्यांत तिने गल्लीची ही वेळ पाहिलीच नव्हती. दहा वाजेपर्यंत स्कूटर आणि माणसं गेली, मुंग्या आल्या, आणि सगळं प्रदर्शन आटोपलं.

मरिना आणि तिरुवल्लिकेणी

मरिनाचा किनारा इतका रुंद आहे की समुद्र दिसल्यापासून पाण्याला पाय लागेपर्यंत वसुधाने मला दोनदा विचारलं, आपण नक्की त्याच दिशेने चाललोय ना. डिसेंबर म्हणजे इथली थंडी. लोक कानटोप्या घालून फिरत होते आणि मी घामाने निथळत होतो.

किनाऱ्याच्या रस्त्याला ओळीने पुतळे आहेत. नेते, कवी, विद्वान. त्यांतल्या बहुतेकांना मी ओळखत नव्हतो, त्यामुळे नुसते पुतळे म्हणून बघता आले. आपल्याकडे पुतळा दिसला की आधी वाद आठवतो. एक मात्र कोणा थोर माणसाचा नव्हता: चार मजूर एक प्रचंड दगड हलवायचा प्रयत्न करताहेत. स्नायू ताणलेले, पाय रुतलेले, आणि दगड काही हललेला नाही.

"तुमची कमिटी," वसुधा म्हणाली.

"कमिटीत चौघं एका बाजूने कधी लावतात जोर?"

तिथून तिरुवल्लिकेणीत शिरलो. जुन्या अरुंद गल्ल्या, आणि एकट्या नोकरदार पुरुषांना खोल्या देणाऱ्या इमारती, ज्यांना तिथे मॅन्शन म्हणतात. कठड्यांवर लुंग्या आणि टॉवेल असे वाळत घातलेले, की जणू एखाद्या आरमारावर निशाणं लागलीत. भिंतींवर पक्षांची अक्षरं. ही अक्षरं बघण्यासारखी असतात: गोल, ठसठशीत, हाताने रंगवलेली, सावलीसकट. एका लांबलचक कोऱ्या भिंतीवर नुसतं पक्षाचं नाव, बाण आणि वर्ष होतं. रिक्षावाल्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, ही भिंत बुक आहे. निवडणूक आली की मजकूर येईल. भिंत आगाऊ अडवून ठेवतात, बसमध्ये रुमाल टाकतात तशी. मी फोटो काढला. आमच्या भिंतीला एखाद्या पक्षाने बुक केलं तर निदान दुसरे लोक उभे राहायचे नाहीत, असा एक विचार येऊन गेला.

एका बांधकामावर भोपळा टांगला होता. पांढरा भोपळा, त्यावर लाल जीभ काढलेला, मिश्यांचा राक्षस. दृष्ट लागू नये म्हणून. वसुधा त्याच्याकडे बघून म्हणाली, "यांचे डोळे अगदी तुमच्या मामांसारखे." तेही खरंच होतं.

जेवण एका खानावळीत झालं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पुन्हा भात, ताक, पुन्हा भात. वाढणारा माणूस थांबायलाच तयार नव्हता. मी पानावर आडवा हात धरला. त्याने हाताच्या बाजूने वाढलं. वसुधाने चपाती आहे का विचारलं. त्याने तिच्याकडे फार सहानुभूतीने बघितलं आणि आणखी भात वाढला.

अड्यारच्या पुढे

शुक्रवारी केतकीने सांगितलेल्या वसाहतीत गेलो. अड्यार मागे टाकून, कंपन्यांच्या काचेच्या इमारती सुरू होतात त्या रस्त्याला. शहराच्या आतल्या झोपड्या हलवून माणसं इथे आणून ठेवली आहेत. चार-चार मजल्यांच्या चाळींसारख्या इमारती, एकासारखी एक. आणि त्यांच्या आंधळ्या भिंतींवर, जमिनीपासून गच्चीपर्यंत, चित्रं. एका भिंतीवर दोन मुली हसतायत, एकीचा दात पडलेला. एका भिंतीवर नुसते हात. एका भिंतीवर मासा, आणि त्याच्या पोटात अख्खं गाव.

एका बाईचा चेहरा होता, चारही मजले व्यापणारा. तिच्या एका डोळ्यात खरी खिडकी होती आणि नाकावरून कोणाचीतरी हिरवी साडी वाळत होती. मी कॅमेरा रोखला तशी त्या डोळ्यातून एक बाई डोकावली. तिने खाली बघून काहीतरी विचारलं. रिक्षावाल्याने उत्तर दिलं. तिने साडी ओढून घेतली आणि आम्हाला हाताने थांबा अशी खूण केली. आम्ही थांबलो. ती केस विंचरून, पावडर लावून पुन्हा डोळ्यात आली आणि म्हणाली, "इप्पो."

"आता काढा म्हणते," रिक्षावाला म्हणाला.

फोटो काढल्यावर ती खाली आली आणि आपला फोटो मोठा करून बघितला. मागचा चेहरा कोणाचा, असं आम्ही विचारलं. तिने खांदे उडवले. चेहरा कोणाचा का असेना, घर तिचं होतं. पाणी दिवसाआड येतं, काम शहरात राहिलं, बस लांब पडते, असं ती बराच वेळ सांगत होती. रिक्षावाल्याने त्यातलं अर्धंच आमच्यापर्यंत पोचवलं असावं. चित्र आवडतं का, या प्रश्नाला मात्र तिने हसून उत्तर दिलं: आता पत्ता सांगायला बरं पडतं.

प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही होती. मला ते फार आवडलं. मी वसुधाला म्हटलं, "तू आयुष्यभर दिवाळीला रांगोळ्या काढल्यास, कधी सही केलीस का?"

"रांगोळीवर कोणी सही करतं का?"

"तेच तर म्हणतो."

माणसाने सहलीला जावं, पण विचार करत जाऊ नये.

त्या संध्याकाळी जिन्यात अक्का भेटल्या. एक हात गुडघ्यावर, एक कठड्यावर. "गुडघा धरला आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत भांड्यांचे आवाज खूप होते. पाहुणे येणार असतील असं मला वाटलं.

पुन्हा वेस्ट मांबलम

शनिवारी पहाटे दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो. गल्लीत कोलमं भरात आली होती. फक्त अक्कांच्या दारापुढची जागा रिकामी. झाडलेली, पाणी शिंपडलेली, आणि रिकामी.

मला लगेच सगळं कळलं. निदान तसं वाटलं. गुडघा! बिचारी म्हातारी वाकू शकत नाही, आणि एवढ्या गल्लीत तिचंच दार ओकंबोकं. आणि माझ्या डोक्यात दुसरा विचार आला तो पहिल्यापेक्षा जोरात: अॅग्रीमेंट. नीट वागा म्हणाली ना केतकी? याहून नीट काय वागणार!

वसुधाला उठवलं. तिने सांगलीहून रांगोळी आणलेली होतीच, शिरगोळ्याची पांढरी आणि चार रंग. "विचारून घ्या आधी," ती म्हणाली.

"विचारलं तर आश्चर्य कसलं?"

तिने गालिचा घातला. मध्ये कमळ, चार बाजूंना मोर, गडद गुलाबी भर. मी पणती आणून ठेवली. समोरच्या दारातल्या बाईंनी आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. त्यांनी दोन्ही हात हलवले. मी नमस्कार केला. मग मी वसुधाला सही करायला लावली. ती नको नको म्हणत होती, पण शेवटी तिने कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: सौ. वसुधा, सांगली.

दार उघडलं आणि अप्पा बाहेर आले. ओलं धोतर, अंगाला गोपीचंदन, हातात दर्भाची जुडी.

दर्भ बघितला आणि वसुधाच्या तोंडून नुसतं "अगं बाई" एवढंच निघालं.

"हें कोण काढलें?" अप्पांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. ते वाकले आणि कोपरा वाचला.

त्या दिवशी अप्पांच्या आईचं श्राद्ध होतं. श्राद्धाचे ब्राह्मण जेवून पितर मार्गस्थ होईपर्यंत दारात रांगोळी नाही. हे आपल्याकडेही आहे, वसुधाला पक्कं माहीत आहे. पण आमच्या सांगलीच्या फ्लॅटबाहेर दिवाळीचे चार दिवस सोडले तर रांगोळी असतेच कुठे? आमचं दार वर्षभर रिकामं, त्यामुळे ते काहीच सांगत नाही. इथे दार रोज बोलतं. एक दिवस गप्प राहिलं की गल्लीला कळतं, या घरात आज काय आहे. समोरच्या बाई तेच सांगत होत्या, दोन्ही हातांनी.

"पुसते, आत्ता पुसते," वसुधा गुडघ्यांवर बसली. मी बादली आणली. पांढरी रांगोळी निघाली. गुलाबी रंग ओल्या खडबडीत सिमेंटमध्ये बसला होता. मी आणखी पाणी ओतलं. गुलाबी ओहोळ निघाला आणि उताराने शेजारच्यांच्या कोलमात शिरला. तो अडवायला मी खराटा लावला, तर तो त्याच्या पुढच्यांच्या कोलमात शिरला. दारादारांतून बायका बाहेर आल्या. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पुरें," अक्का दारातून म्हणाल्या. "आणखी पाणी घालूं नका." त्यांनी दोन पोती आणून त्या गुलाबी डागावर पसरली. थोड्याच वेळात भटजी आले आणि पोत्यांवरून उडी मारून आत गेले.

केतकी जिन्यात उभी होती, केस विस्कटलेले, शनिवारची सुट्टी चेहऱ्यावरून उतरलेली.

"अकरा महिने," ती म्हणाली. "अकरा महिने मी मोठ्याने गाणंसुद्धा लावलं नाही, बाबा."

वसुधाने त्या दिवशी जेवणार नाही म्हणून सांगितलं. मी दोन केळी खाल्ली, पण स्वयंपाकघरात, पाठ करून. खालून मंत्र ऐकू येत होते, मग वड्यांचा वास आला, मग शांतता. केतकी फोनवर भाड्याच्या जागा बघत बसली होती.

दुपार कलल्यावर जिन्यातून हाक आली. "केतकी! खालीं ये. आईबाबांस पण आण."

आम्ही आरोपींसारखे उतरलो. पोती काढलेली होती. गुलाबी डाग तसाच, मोराच्या आकाराचा. अप्पा खुर्चीत बसले होते आणि आमच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलें की. सासूबाई असत्या तर तुम्हांस ठेवलें नसतें." मग त्यांनी वसुधाकडे बघितलं. "मोर बरा होता. वेळ चुकली." वसुधाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

श्राद्ध आटोपलं की दार तसंच ठेवत नाहीत, लगेच कोलम पडतं. अक्कांनी पिठाचा डबा आणला. मी वसुधाकडे बघितलं, वसुधाने पदर खोचला. पण अक्कांनी डबा धरला केतकीपुढे.

"मला? मला येत नाही, अक्का."

"ठाऊक आहे. रोज अमच्या कोलमावरून उडी मारून बस धरतेस. कधीं खालीं बघितलेंस?"

केतकी लाल झाली.

"हे म्हणतात फॅमिली पाहिजे," अक्का अप्पांकडे हनुवटी करून म्हणाल्या. "मला फॅमिली नको. सकाळीं उठणारें माणूस पाहिजे. माझा गुडघा गेला. मार्गळी संपेपर्यंत तूं काढ. मग बघूं."

"मग बघूं," अप्पा म्हणाले. दिवसभरात आमच्या कानावर पडलेले त्यांचे हे शेवटचे शब्द.

केतकीने पहिलं कोलम काढलं ते कोणीतरी पाय दिलेल्या जिलबीसारखं दिसत होतं. तिने पुसायला हात घातला. "पुसायचें नाहीं," अक्का म्हणाल्या. "सांभाळून घे."

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. रात्री केतकीने तीन गजर लावले होते, त्यातला तिसरा आम्ही बंद केला. आम्ही बॅगा घेऊन उतरलो तेव्हा ती रस्त्यावर उकिडवी बसली होती, गालाला पीठ, मागे खुर्चीत अक्का कॉफी घेऊन. "तो ठिपका इकडे. इकडे म्हणजे तिकडे नाहीं." रेषा वाकड्या होत्या, पण एकदा सुरू झालेली रेषा या वेळी फिरून जागेवर येत होती. परवाच्या गुलाबी मोराची एक बाजू तिने सरळ आतच घेतली होती.

"स्टेशनवर येतेस ना?" मी विचारलं.

"बाबा, अजून चार वळसे आहेत."

रिक्षावाल्याने बॅगा ठेवल्या, गाडी सुरू केली आणि सरळ पुढे घेतली. पुढे म्हणजे कोलमावरून. मी ओरडणार तोच अप्पा उठले. शनिवार दुपारपासून आमच्याशी एक अक्षर न बोललेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध येऊन काठी आडवी धरून उभा राहिला आणि तमिळमध्ये असं काही बोलला की रिक्षावाल्याने इंजिनच बंद केलं. मग अप्पांनी काठीने मागचा रस्ता दाखवला.

"झालं अॅग्रीमेंट," वसुधा हळूच म्हणाली.

आमची रिक्षा उलटी निघाली. रिव्हर्समध्ये, अख्खी गल्ली, दोन्हीकडची कोलमं चुकवत, रिक्षावाला मान मागे वळवून पुटपुटत. आणि त्यामुळे निरोप घेताना सहसा जे होत नाही ते झालं. घराकडे पाठ करावी लागली नाही. कोपऱ्यापर्यंत केतकी आम्हाला समोर दिसत राहिली: खाली मान घालून बसलेली, आणि तिच्या पुढ्यात काठी टेकून पहाऱ्याला उभे असलेले अप्पा.